एरंडेलाने चिकटलेलं आतडं सुटत नाही

आमच्या सोलापुरात सध्या एक मेसेज घरोघरी फिरतोय. ‘पोटाचं ऑपरेशन झालं की आतडी चिकटतात. तीन महिने अंथरूण सोडू नका. रोज रात्री एरंडेल प्या, पोट चोळा, चिकटलेलं सुटतं. दुर्बिणीने ऑपरेशन केलं तर हा त्रास होतच नाही.’ ऑपरेशन थिएटरमध्ये मी वीसहून जास्त वर्षं सिस्टर होते, म्हणून लिहितेय.

आतडी चिकटतात, हे खरं आहे. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर बहुतेकांच्या पोटात थोडंफार चिकटतंच, पण त्यातल्या पुष्कळांना जन्मभर त्याचा पत्ता लागत नाही.

आता चोळून सुटण्याचं. पोटाचं आतलं अस्तर दुखावलं की काही तासांत तिथे फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, चिकट थर बसतो. शरीर तो पहिल्या काही दिवसांत विरघळवतं. राहिला, तर त्यात पेशी शिरून कोलॅजनचे, म्हणजे व्रणासारखे घट्ट, पट्टे तयार होतात. ते वरून तेल चोळून तुटत नाहीत, हळदीच्या दुधानेही नाही. जे टाळायचं ते टेबलावरच टाळावं लागतं. आतडं हलक्या हाताने धरायचं, रक्त नीट थांबवायचं, काही सुकू द्यायचं नाही. कोमट सलाईनमध्ये मॉप, म्हणजे ऑपरेशनचे कापडी तुकडे, बुडवून पिळून देणं हे माझं काम. पूर्वी ग्लोव्हजला स्टार्चची पावडर असे. पोटाला हात लावण्याआधी सर्जन ते ओल्या मॉपने पुसून घेत, कारण पावडरचे कणही चिकटायला निमित्त होतात. अमेरिकेत असे ग्लोव्हज २०१७ पासून बंद आहेत. काही ऑपरेशनांत आतड्यावर विरघळणारी पातळ फिल्म ठेवतात. त्याने चिकटणं कमी होतं, पण खात्री कुणीच देत नाही.

दुर्बिणीचंही तसंच. जखम लहान, म्हणून चिकटणं कमी. ‘होतच नाही’ हे खोटं.

अंथरुणावर पडून राहण्याने तर नुकसानच. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आम्ही बहुतेक पेशंटला दुसऱ्याच दिवशी धरून चालवतो.

सगळ्यात घातक आहे ते एरंडेल. पट्ट्यात आतडं अडकलं की कळा येतात, उलट्या होतात, पोट फुगतं, वारा सरत नाही. घरच्यांना वाटतं, पोट साफ झालं नाही. शहराच्या पूर्व भागातल्या एका मावशींना असंच दोन रात्री एरंडेल पाजलं होतं. आल्या तेव्हा पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, उलटी हिरवी. वाट बंद असताना जुलाबाचं औषध दिलं की आतडं आणखी जोर करतं, ते फाटूही शकतं. अशा वेळी तोंडाने काही न देता ताबडतोब दवाखाना गाठायचा. प्रत्येकाला पुन्हा ऑपरेशन लागतं असंही नाही. नाकातून नळी, सलाईन आणि नीट देखरेख, एवढ्यावर पुष्कळांची वाट मोकळी होते.

मावशींना आधी कसलं ऑपरेशन झालंय, हे घरात कुणालाच सांगता येईना. डिस्चार्ज कार्ड कधीच हरवलेलं. डॉक्टरांनी लुगडं जरा खाली सरकवलं, तेव्हा बेंबीखाली वीस वर्षांपूर्वीचा उभा व्रण दिसला.