‘कॉफीच तर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी

‘एनर्जी ड्रिंकच्या कॅनमध्ये कपभर कॉफीइतकंच कॅफीन असतं. उलट अभ्यासात लक्ष लागतं. मुलांच्या मनावर परिणाम होतो हे सिद्धच झालेलं नाही, उगाच घाबरवू नका.’ हा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्यातलं बरंचसं अर्धं खरं आहे, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटतं.

कपभर कॉफीइतकंच? २५० मिलिलिटरच्या नेहमीच्या कॅनमध्ये साधारण ८० मिलिग्रॅम कॅफीन असतं, तेवढ्यापुरतं हे मान्य. पण ५०० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ते १६० होतं, काहींत तर ३०० पर्यंत जातं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये मुलांसाठी दिवसाला दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली. ५० किलोच्या मुलासाठी ती १५० होते, म्हणजे एका मोठ्या कॅनमध्येच ओलांडली जाते.

लक्ष लागतं, हे खरं. पण थोडाच वेळ. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि पेंग येऊ लागते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. थकवा कुठेही जात नाही, त्याची जाणीव तेवढी दबते. शिवाय शरीरातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण ५ तास लागतात. संध्याकाळी ६ ला घेतलेल्या १६० पैकी ८० मिलिग्रॅम रात्री ११ लाही अंगात असतं, म्हणजे झोपायच्या वेळी एक लहान कॅन प्यायल्यासारखंच. झोप तुटते, सकाळी डोकं जड होतं, वर्गात डुलक्या येतात आणि दुपारी पुन्हा कॅन उघडला जातो. कोवळ्या वयात झोपेची अशी वाताहत झाली की मन चिडचिडं आणि हळवं होतं. माझी खरी काळजी इथेच आहे.

आता ‘सिद्ध झालेलं नाही’. २०२४ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी ५७ अभ्यासांचा, १२ लाखांहून जास्त मुला-तरुणांच्या माहितीचा आढावा घेतला. एनर्जी ड्रिंक पिणाऱ्यांमध्ये चिंता, ताण, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार जास्त आढळले. असे बरेच अभ्यास एकदाच केलेल्या पाहणीवर आधारलेले असतात. त्यामुळे पेयामुळेच आजार झाला असं ठामपणे म्हणता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. आधीच उदास असलेली, झोप न लागणारी मुलंच कॅनकडे वळत असतील. पण मग ते जास्तच गंभीर नाही का? छातीत धडधड, हातांना कंप, जिवाची घालमेल ही जादा कॅफीनची लक्षणं आहेत आणि घाबरण्याच्या झटक्याचीही. आधीच घाबरलेल्या मुलाला आपण तेच पाजतो आहोत.

घाबरवण्याचं म्हणाल, तर लिथुआनियाने २०१४ मध्ये आणि पोलंडने २०२४ मध्ये १८ वर्षांखालच्यांना ही पेयं विकायला बंदी केली.

घरात मूल रोज पीत असेल, तर हातातून कॅन हिसकावू नका. आधी झोप कशी लागते ते विचारा, मग प्रमाण हळूहळू उतरवा. एकदम बंद केलं तर काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते. ते नाटक नसतं.