बाप्तिस्म्याचे जेवण आणि एदेनची मशागत

आज साताऱ्यात एका बाळाच्या बाप्तिस्म्यानंतर जेवणावळ झाली. भांडी घासायला आलेल्या बायकांनी ठरलेले पैसे मागितले, तेव्हा आमच्यातल्या एका सुस्थितीतल्या गृहस्थांनी त्यात कपात केली आणि वर हसत सुनावले की, आदामाने ते फळ खाल्ले नसते तर कोणालाच राबावे लागले नसते, घाम गाळून भाकर खाण्याचा शाप आता सगळ्यांनाच आहे. हे बोलताना ते स्वतः पंख्याखाली आइस्क्रीम खात होते.

कॅथलिक घरात वाढलेल्या माणसाने असे बोलावे याचा मला मनस्वी संताप आला. आदामाला एदेन बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, हे बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे उत्पत्तीच्या, दुसऱ्याच अध्यायात आहे. पाप येते ते तिसऱ्या अध्यायात. म्हणजे पाप घडले नसते तरी काम असतेच. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही चर्चने हेच सांगितले आहे की तिथे काम हे ओझे नव्हते, सृष्टी पूर्णत्वाला नेण्यात देवाला दिलेली ती साथ होती.

माझे बाबा पाचगणीत एका शाळेच्या बागेत माळी होते. स्ट्रॉबेरीचे वाफे गारपिटीने झोडपले की दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा कुदळ घेऊन उभे असत आणि त्यांच्या तोंडून कधी शापाची भाषा ऐकल्याचे मला आठवत नाही. निवृत्तीनंतर आम्ही त्यांना साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये आणले, तेव्हा मात्र ते खरोखर शिक्षा झाल्यासारखे खिडकीशी बसून राहिले. संत ऑगस्टिनने नेमके हेच लिहून ठेवले आहे की, काही माणसे आजही इतक्या आनंदाने शेती करतात की त्यांना तिथून उठवून दुसरीकडे नेणे हीच त्यांना मोठी शिक्षा वाटते. उत्तर आफ्रिकेतल्या या बिशपने आमचे बाबा पाहिले असावेत, असे मला दर वेळी वाटते.

काटेकुसळे आणि घाम तिसऱ्या अध्यायात आहेत, हे मान्य. बाबांची कंबर गेली, हात भेगाळले, आणि एक दिवस मरणही येणार, हे सारे मूळ पापाचे, म्हणजे आदामाच्या त्या पहिल्या पापाचेच फळ आहे असे चर्च मानते. १५४६ साली ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने मृत्यूबद्दल तसे स्पष्ट म्हटलेही आहे. देवाच्या कृपेने मिळालेली अमरता आणि दुःखमुक्ती आदामाने गमावली. परंतु गमावला तो शीण नसलेला देह. काम गमावले नाही, आणि दुसऱ्याच्या घामावर हक्क तर मुळीच मिळाला नाही.

पाप घडलेच नसते तर जग कसे असते, या प्रश्नाचा तेराव्या शतकातला धर्मशास्त्रज्ञ संत थॉमस अक्विनास याने बारकाईने विचार केला. निष्पाप जगातही मुले जन्मली असती, ती लहानच जन्मली असती आणि हळूहळू शिकली असती, माणसांमाणसांत कमीअधिकपणाही असता, असे तो म्हणतो. कोणी कोणाला मार्ग दाखवलाही असता, पण तो त्याच्याच किंवा सर्वांच्या भल्यासाठी. एकाने दुसऱ्याला स्वतःच्या फायद्यासाठी गुलामासारखे वापरणे मात्र तिथे नसते. आमच्या त्या गृहस्थांना शाप पाठ आहे आणि हा भाग कोणीच शिकवलेला नाही, किंवा शिकवला तेव्हा ते पंगतीची वाट पाहत असावेत. माझा आवाज चढतो आहे, हे मला कळते.

बाबांशी मात्र हा विषय काढला की राग टिकत नाही. सिंहाने त्या निष्पाप जगातही मांसच खाल्ले असते, कारण माणसाच्या पापाने जनावरांचा स्वभाव बदलला नाही, हे अक्विनासचे मत त्यांना पटकन पटले. काटेरी झुडपेही उगवली असती, पण जनावरांचा चारा म्हणून, शेतकऱ्याला त्रास म्हणून नव्हे, असे मी पुढे सांगितले, तेव्हा त्यांनी जरा विचार करून विचारले, "चारा म्हणतोस ते ठीक, पण लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत इतक्या खोल कशाला घातल्या असत्या रे?"