गियर ऑइल आणि अख्खा वाडा

गोव्यात डिचोलीकडच्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, माणूस अंगणात गाडीखाली आडवा झाला की ती त्याची खासगी बाब राहत नाही. इंजिन ऑइल बदलत असाल तर लोक जाता जाता नुसते बघून जातात, पण गियरबॉक्सचं ऑइल म्हटलं की थांबतात, कुंपणाला टेकतात, कारण ते मुळात बदलायचं असतं हेच निम्म्यांना मान्य नसतं. "ते लाइफटाइम असतं रे" हे मला इतक्या जणांनी इतक्या ठामपणे सांगितलंय की विचारावंसं वाटतं, कोणाचं लाइफटाइम? गाडीचं, की हप्ते फेडणाऱ्याचं?

आमच्या गाडीचा दुसरा गियर सकाळी सकाळी कुरकुरायचा. गरम झाली की गप्प, पण सुरुवातीच्या दोन-चार किलोमीटरात दुसरा टाकला की खर्रर्र, आणि बाजूला बसलेली बायको तोंडाने काही न बोलता पर्स मांडीवर घट्ट धरायची. चवथ, म्हणजे गणपती, तोंडावर आलेली, खरेदीला बेळगावला जायचं, म्हणजे साखळी, केरी आणि मग अख्खा चोर्ला घाट, आणि घाटात दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा ह्याशिवाय दुसरं असतं काय. म्हटलं त्याआधी ऑइल बदलून टाकू, घरीच, रविवारी, दोन तासांचं काम. आई फक्त एवढंच म्हणाली, "जेवायला असशील ना?"

पहिलं भांडण ऑइलवरूनच. शेजारच्या काकांचा खाणी चालू होत्या तेव्हा स्वतःचा टिपर होता, २०१२ला खाणी बंद झाल्या, टिपर विकला, पण टिपरचं ज्ञान काही विकता आलं नाही, ते आता आमच्या वाट्याला येतं. "नव्वद नंबर घाल पुता, डोळे मिटून." नव्वद नंबर म्हणजे ते दाट गियर ऑइल जे ट्रकवाले पिढ्यानपिढ्या घालत आलेत, आणि टिपरच्या क्राउनपुरते, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या मोठ्या गियरपुरते, काका शंभर टक्के बरोबर आहेत, तिथे दात एकमेकांवर घासत सरकतात, दाब भयंकर, तिथे जास्त गंधक-फॉस्फरसवालं, जीएल-५ प्रतीचंच ऑइल पाहिजे. पण आमच्या गियरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा आहेत, गियर पडायच्या आधी घासून घासून वेग जुळवायचं काम त्यांचं, म्हणजे त्यांना थोडी पकड लागते, ऑइल जास्तच बुळबुळीत झालं तर त्या नुसत्या घसरतात, आणि काही जीएल-५ मधलं गंधक हळूहळू पितळ खातं ते वेगळंच. म्हणून मॅन्युअलात ७५डब्ल्यू-९० दाटपणाचं, त्याहून सौम्य जीएल-४ प्रतीचं लिहिलंय. हे सगळं मी काकांना नीट समजावून सांगितलं. काका म्हणाले, "पुस्तकात अॅव्हरेज पण लिहिलेलं असतं."

ह्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

बाकी ते ७५डब्ल्यू म्हणजे उणे ४० अंशांतही ऑइल दगड होऊन बसत नाही ह्याची परीक्षा दिलेलं. इथे पारा विसाच्या खाली गेला की लोक कानटोप्या शोधतात, तेव्हा एवढी परीक्षा कशाला असं वाटतं, पण सकाळच्या थंड गियरबॉक्सला पातळ ऑइल पटकन पोचतं, आणि आमची तक्रार नेमकी सकाळचीच होती.

गाडी उचलताना बाबा मधे पडले. "स्टँड कशाला विकत आणलेस, मागे चिरे पडलेत की एवढे!" आता चिऱ्याचं आमचं घर इतकी वर्षं पाऊस झेलत उभं आहे, चिऱ्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पण खाली माणूस असताना वर चिऱ्यावर गाडी ठेवायची नसते, तो फुटायच्या आधी सांगत नाही. मी लोखंडी स्टँडच लावले, चारही बाजूंनी, कारण गाडी सपाट नसेल तर लेव्हल चुकते आणि आमचं अंगण पावसाचं पाणी जायला गटाराकडे उतरतं केलेलं आहे. बाबांनी तरीही चिरे आणून ओळीने मांडले. त्यावर प्रेक्षक बसले.

ह्या कामात एकच नियम पाळायचा, आधी वरचं भरायचं बूच सोडायचं, ते सुटलं तरच खालच्या बुचाला हात लावायचा. खालून सगळं ऑइल सोडून दिलं आणि मग कळलं की वरचं बूच हलतच नाही, तर गियरबॉक्स कोरडा आणि गाडी गॅरेजपर्यंत चालवत न्यायचीही सोय नाही. पण हे चिऱ्यांवर बसलेल्यांना कोण सांगणार. "खालून सोड की आधी!" "वर काय शोधतोय तो?" "पात्रांव, ऑइल खालून येतं, वरून नाही!"

आणि वरचं बूच अर्थातच बसलेलं. चाकाच्या आतल्या बाजूला, हात घालायला जेमतेम जागा, त्यात गोटी पाना नीट बसेना, बसला तर फिरवायला जागा नाही, कोपर मारायला गेलं की वरून चिखलाचं वाळलेलं पापुद्रं सरळ डोळ्यात. गंज सोडवायचा डब्ल्यूडी-४० स्प्रे मारला, थांबलो, परत मारला. तेवढ्यात श्रावणातली एक सर येऊन गेली, प्रेक्षक पडवीत गेले आणि तिथून सूचना चालू ठेवल्या. शेवटी बाबांचा जुना नळाचा पाइप पान्याच्या दांड्यात घालून लिव्हर लांब केला, टाच भिंतीला लावली आणि ओढलं. टक्. बूच सुटलं की बोटाचं हाड ते कळायला एक सेकंद गेला. बूच होतं.

खालचं त्यामानाने शहाणं निघालं. गाडी आधी साखळीपर्यंत फिरवून आणली होती, गरम ऑइल पातळ होऊन बरोबर गळतं म्हणून, आणि ते एवढं बरोबर गळलं की मनगटावरून कोपरापर्यंत आणि कोपरावरून काखेत, आडवा पडलेला माणूस हात वर करून काम करतो ना, तर त्याच्या हाताचा उतार काखेकडेच असतो. बूच खाली कापलेल्या तेलाच्या डब्यात डुबुक. मग वास. गियर ऑइलचा वास ज्याला माहीत नाही त्याला सांगता येत नाही, आणि माहीत आहे त्याला सांगायची गरज नाही. आतून बायकोचा आवाज आला, "अहो, अंडी कुठली नासली? श्रावणात आपण आणलीच नाहीत ना?"

डब्यातून बूच चाचपून काढलं तर टोकाच्या मॅग्नेटवर करड्या रंगाचा लेप चढलेला, काजळात चांदी खलावी तसा, मऊ, बोटांत चोळला तर कुठे टोचत नव्हता. टोचलं असतं, म्हणजे तुकडे असते, तर कुठलातरी दात गेलाय असं समजायचं. हा नुसता वर्षानुवर्षांचा झिजलेला भुगा. मी फार आनंदाने तो सगळ्यांना दाखवला. काकांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, "टिपरला हाताएवढं निघायचं."

मॅग्नेट पुसून, नवीन वायसर टाकून बूच लावलं. "आवळ, अजून आवळ" चालूच. इथे ऐकायचं नाही, बूच लोखंडाचं, केसिंग अॅल्युमिनियमचं, आटे गेले की मग खरंच अख्खा वाडा बोलवायला लागेल.

खरी मजा भरताना. भोक बाजूला, वर जागा नाही, म्हणून बॉनेटमधून गवंड्याचा लेव्हल पाइप खाली सोडला, वरच्या टोकाला नरसाळं, नरसाळ्यावर बायको. खालचं टोक भोकात धरून मी. ऑइल पाइपातून इतकं सावकाश उतरतं की मधे एखाद्याची झोप होईल. मी खालून "घाल" म्हणायचो, तिला वर "थांब" ऐकू यायचं, कारण मधे इंजिन आणि पडवीतून सात माणसं. आणि ऐन वेळी वळणावर पोदेराचा, सायकलवरच्या पाववाल्याचा, हॉर्न वाजला. पोदेर कोणासाठी थांबत नाही, गियरबॉक्ससाठी तर नाहीच. बायकोने नरसाळ्यात होतं नव्हतं ते ओतलं, ऑइलचा हात पदराला पुसला आणि गेली उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायला, आणि खाली पाइप भोकातून सुटू बघतोय, मी दोन्ही हातांनी धरलाय, नाकाला खाज सुटलीय, आणि वर रस्त्यावर पोदेराला कोणीतरी विचारतंय, "तू काय म्हणतोस, गियर ऑइल बदलतात का?" तो म्हणाला सायकलला नाही बदलत.

दोन लिटरच्या वर थोडं गेल्यावर भोकाच्या खालच्या ओठावरून थेंब यायला लागले, म्हणजे भरलं. धार संपून थेंब होईपर्यंत थांबलो आणि बूच लावलं.

मग जुन्या ऑइलचे वारस पुढे आले. बाबांना वासे वाळवीपासून वाचवायला पाहिजे होतं, काकांना गेटच्या लाकडाला, एका मावशींना माडाच्या मुळात ओतायला. माडाच्या पलीकडे आमची विहीर आहे आणि चिऱ्याच्या जमिनीतून काय वाटेल ते झिरपतं, म्हणून मी डबा बंद करून डिकीत टाकला, गॅरेजवाले वापरलेलं ऑइल गोळा करून पुढे रिसायकलिंगला देतात, तिथे द्यायला. बाबा रात्रभर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बेळगावला निघालो तर काका मागच्या सीटवर, बेळगावात त्यांचं काही काम नव्हतं, गियर ऐकायला आले होते. साखळीला वाटेतल्या एका गॅरेजात डबा दिला. त्या पोराने बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "चांगलं होतं की हे. कशाला काढलं?"

"मी तेच सांगत होतो ह्याला," मागून काका.

केरी गेली, घाट लागला, पहिलं वळण आलं आणि मी दुसरा टाकला. गेला. आवाज नाही, अडखळणं नाही, बायकोची पर्स बाजूला. मी आरशात काकांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"नव्वद नंबरने ह्याहून मऊ पडला असता," ते म्हणाले.