इंजिन दहा लाख मैलांचं, छप्पर पंधरा पावसाळ्यांचं

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलं कॉलेजला गेली की आरव्हीचा, म्हणजे आत राहता येईल अशा गाडीचा, विषय निघतो, आणि विषय निघाला की हा सल्ला ठरलेला: "नव्या गॅस मोटरहोमवर पैसे उडवू नका. तेवढ्यातच पंधरा वर्षांची डिझेल पुशर मिळते. इंजिन दहा लाख मैल चालतं, ॲव्हरेज जास्त, देखभाल जवळजवळ नाही, चढावर राजा, आणि किंमत पडायची ती आधीच पडलेली." मीही हा मजकूर दोन-तीन मित्रांना बिनधास्त पुढे पाठवला होता. मग आम्ही नवरा-बायको खरोखर गाड्या बघायला लागलो.

आधी एक खुलासा. इथला गॅस म्हणजे गॅसोलिन, आपलं पेट्रोल. सिलिंडरशी संबंध नाही. शेगडीसाठी प्रोपेनची टाकी वेगळी असते, ती दोन्ही गाड्यांत. आणि पुशर म्हणजे बससारखी मोटरहोम, इंजिन मागे, त्यामुळे ते गाडी ढकलतं.

आता एकेक मुद्दा घेऊ.

"दहा लाख मैल." हा आकडा मालट्रकवाल्यांचा. त्यांची इंजिनं 13 ते 15 लिटरची, रोज तापणारी, वर्षाला लाखभर मैल कापणारी. मोटरहोमच्या मागे बहुधा कमिन्सचं 5.9 किंवा 6.7 लिटरचं आयएसबी असतं, जरा वरच्या गाडीत 8.9 लिटरचं आयएसएल. दणकट इंजिनं, यात वाद नाही, पण ती मधल्या वजनाच्या ट्रकांची. बरं, दहा लाख मान्य करू. जुनी डिझेल साधारण 60 हजार मैलांवर हाती येते. आपण नोकरी सांभाळून वर्षाला 5 हजार मैल फिरणार. उरलेले 9 लाख 40 हजार मैल संपायला 188 वर्षं लागतील. एवढं आयुष्य आपण कोणासाठी विकत घेतोय?

दुसरीकडे गॅस गाडी, म्हणजे बहुधा फोर्डची एफ-53 चासी, घर ज्यावर बांधतात तो सांगाडा. तिच्यात पूर्वी 6.8 लिटरचं व्ही-10 असायचं, 2020 नंतर 7.3 लिटरचं व्ही-8 आलं: लोखंडी ब्लॉक, जुन्या पद्धतीची साधी रचना, 350 अश्वशक्ती. हे दीड लाख मैलच टिकेल असं धरलं तरी आपल्या चालीने 30 वर्षं झाली. तेव्हा माझं वय काय असेल ते मी मोजत नाही.

मोटरहोम चालून कमी आणि उभी राहून जास्त खराब होते. टायर बघा. बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे 2317 असतील तर तो टायर 2017 च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी नवीकोरी दिसते, पण वाकून बॅटरीच्या उजेडात कडेला बघितलं की रबराला बारीक भेगा पडलेल्या असतात. पाच-सात वर्षांनी ते काढायचेच. 22.5 इंची सहा टायर म्हणजे तीन-चार हजार डॉलर सहज गेले.

"ॲव्हरेज जास्त." ही समजूत आपण सामानातून घेऊन आलोय. भारतात डिझेल कायम पेट्रोलपेक्षा स्वस्त असायचं, ऑक्टोबर 2014 पर्यंत त्याचा भाव सरकारच्या हातात होता, म्हणून जास्त फिरणाऱ्याने डिझेलच घ्यायची हे डोक्यात पक्कं बसलंय. त्यात पुणेकरांचं कमिन्सवर प्रेम. 1962 पासून ते नाव कोथरूडला आहे, आधी किर्लोस्कर कमिन्स म्हणून, त्यामुळे ते इंजिन आपल्या वाड्यातलंच वाटतं. पण अमेरिकेत गेली कित्येक वर्षं बहुतेक काळ डिझेल साध्या पेट्रोलपेक्षा महागच राहिलंय. समजा गॅस गाडी गॅलनला 8 मैल देते आणि डिझेल 9. 5 हजार मैलांना 625 गॅलन आणि सुमारे 556 गॅलन. पेट्रोल 3.20 आणि डिझेल 3.90 डॉलर धरा: एकीकडे 2,000 डॉलर, दुसरीकडे साधारण 2,170. भाव बदलतील तसा हिशोब थोडा हलेल, पण यात कुणाची बचत बिचत होत नाही.

"देखभाल जवळजवळ नाही." हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने पुशरच्या खाली कधी डोकं घातलेलं नाही. मैल कमी झाले तरी तेल वर्षातून एकदा बदलायचंच; 7.3 लिटरच्या फोर्डला साधारण 8 क्वार्ट (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) लागतं, आयएसबीला त्याच्या दुप्पट आणि आयएसएलला त्याहूनही जास्त. वर इंधनाचे फिल्टर, एअर ब्रेकच्या ड्रायरचं कार्ट्रिज, हवेवरच्या सस्पेन्शनच्या पिशव्या, ॲलिसन गिअरबॉक्सचं तेल. हे सगळं आपल्या कोपऱ्यावरचा गॅरेजवाला करत नाही, ट्रकांच्या वर्कशॉपमध्ये नंबर लावावा लागतो.

आणि रेडिएटर. बऱ्याच जुन्या पुशरमध्ये तो अगदी मागे, इंजिनाच्या पलीकडे उभा असतो. इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदर नळीतून तेलाचे बारीक थेंब उडतात, पंखा ते आणि रस्त्याची धूळ मिळून आत ढकलतो. मागून जाळीतून पाहिलं तर रेडिएटर चकचकीत. राप बसतो तो आतल्या बाजूला, इंटरकूलरवर (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीवर), जिथे नजर जात नाही. आम्ही पाहिलेल्या एका गाडीत मी पलंगाखालची झडप उघडून आत बोट फिरवलं. बोटाला जे लागलं ते चुलीमागच्या भिंतीवरच्या तेलकट काजळीसारखं होतं. अशी गाडी सपाटीवर काही बोलत नाही, जुलैत घाट लागला की तापमानाचा काटा वर चढतो.

जुनी म्हणजे किती जुनी, हेही सल्ल्यात नसतं. 2007 च्या नियमांनी धूर गाळणारा फिल्टर आला, 2010 च्या नियमांनी डेफ, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी. डेफच्या टाकीतला सेन्सर बिघडला की इंजिन धडधाकट असूनही कॉम्प्युटर गाडीचा वेग पार ताशी 5 मैलांपर्यंत उतरवू शकतो. 2007 च्या आधीची घेतली तर ही भानगड नाही, पण मग ती पंधरा नव्हे, निदान वीसेक वर्षांची.

"चढावर राजा." इथे मी हात जोडतो. खरं आहे. कोलोरॅडोत आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांच्या वर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे 350 ची तिथे 235 च्या आसपास उरते. टर्बोवाल्या डिझेलला ही झळ फार कमी बसते, आणि आयएसबीचा 660 पाउंड-फुटांचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, कमी आरपीएमवरच मिळतो. फोर्डचा 468, तोही चार हजार आरपीएमच्या जवळ. गॅस गाडीत इंजिन चालकाच्या पायाशी असतं, त्यामुळे चढावर शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. पुशरमध्ये तो आवाज चाळीस फूट मागे राहतो. उतारावर एक्झॉस्ट ब्रेकचा, म्हणजे धुराची वाट आवळून वेग रोखणाऱ्या ब्रेकचा, आधार वेगळाच. मागे जड जीप ओढत वर्षातले सहा महिने रॉकीजमध्ये काढायचे असतील, आणि हात काळे करायची आवड असेल, तर डिझेलच घ्या, मी आडवा येणार नाही. फ्लोरिडाला जाऊन समुद्राकाठी तीन आठवडे बसायचं असेल तर राजाचं काय करणार?

"किंमत आधीच पडलेली." बरोबर, पण चार-पाच वर्षांच्या गॅस गाडीचीही मोठी घसरण पहिल्या मालकानेच सोसलेली असते. शिवाय जुन्या गाडीला कर्ज द्यायला बऱ्याच बँका तयार नसतात, आणि आरव्ही मुक्कामाला लावायचे काही खासगी पार्क दहा वर्षांवरच्या आरव्हीला जागाच देत नाहीत.

या सल्ल्यात घराचा उल्लेखच नाही, ही माझी खरी तक्रार. आपण इंजिन घेत नाही, पंधरा वर्षं रस्त्यावर हादरलेलं दोन खोल्यांचं घर घेतो. छपराच्या कडांचं सीलंट, गाडी उभी असताना बाहेर सरकणाऱ्या खोलीचं रबर, फ्रिज, एसी, पाण्याचा पंप, यांना इंजिन कोणतं, पुढे आहे की मागे, याची खबर नसते. भिंती म्हणजे पातळ प्लायवूडवर चिकटवलेलं फायबरग्लास. एकदा आत पाणी गेलं की बाहेरून पोपडा फुगतो, आणि ती दुरुस्ती हजारांतच मोजायची.

रेडिएटरवर मी बोट फिरवलं त्याच गाडीत बायकोने बेडरूममधल्या कपाटाचं दार उघडलं आणि नुसतं नाक आत घातलं. कोकणातल्या आजोळच्या माळ्यावर श्रावणात येतो तो वास. मागच्या कोपऱ्यात तळाची फळी अंगठ्याने दाबली तर दबली. विकणारे गृहस्थ सज्जन होते, त्यांनाही हे माहीत नसावं. ते म्हणाले, "ते राहू द्या, आधी इंजिन तर ऐका." त्यांनी किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू झालं.