डिक्टेशन बंद करण्याचा मुहूर्त

पाटीपूजनाला दसरा आहे, पहिलं अक्षर गिरवायला श्रीगणेशा आहे, नवी वही उघडली तर माथ्यावर 'श्री' घालायची सोय आहे. अभ्यास सुरू करायची आपल्याकडे एवढी जय्यत तयारी, पण तो बंद कधी करायचा याबद्दल पंचांग गप्प.

आमची मुक्ता बारा वर्षांची आहे आणि शाळेत जात नाही, घरीच शिकते. इंदूरच्या मराठी मंडळींना हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "तब्येत बरी असते ना तिची?" दुसरा येतो, "मग दहावीचं काय?" दहावीचं उत्तर सोपं आहे. चौदा पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत दहावीला नाव घालता येतं, तिथे मराठी विषयसुद्धा घेता येतो. एवढ्याने लोकांचं समाधान होतं आणि ते पोह्यांकडे वळतात. आमचा खरा छळ वेगळाच आहे, आणि तो कुणी विचारत नाही: स्पेलिंगचा तास थांबवायचा कधी?

शाळेत हा प्रश्न कुणालाच पडत नाही. एका वर्षी वेळापत्रकातून डिक्टेशन गुपचूप नाहीसं होतं आणि मूल वरच्या वर्गात जातं; त्याला लिहिता आलं की नाही हे पुढे त्याच्या साहेबाला कळतं. घरी वेळापत्रक म्हणजे फ्रिजवरचा कागद, शिक्षक म्हणजे मी आणि शिक्षण खातं म्हणजे माझी आई, सेवानिवृत्त मराठी शिक्षिका. गणित आणि विज्ञान माझ्या बायकोने, मेधाने घेतलं. भाषा माझ्याकडे आल्या, कारण मी बँकेत आहे आणि तिन्ही भाषांतल्या चुका रोज पाहतो.

तिन्ही भाषा हाच तर घोळ. हिंदीत 'कवि' ह्रस्व, मराठीत 'कवी' दीर्घ. हिंदीत 'कीमत' दीर्घ, मराठीत 'किंमत' ह्रस्व, वर टिंब फुकट. स्टेशनवर 'इंदौर' लिहिलेलं, आजीच्या पत्रांवर 'इंदूर'. त्यातही इंदूर लांबून दीर्घ असतं, आत शिरलात की 'इंदुरात' ह्रस्व होतं. संध्याकाळी राजवाड्याजवळ गाडी घेऊन गेलेल्या माणसाला हा नियम उलटा वाटेल, पण व्याकरण ट्रॅफिकला विचारत नाही.

मुक्ताने यावर स्वतःची युक्ती काढली. आमचं गाव २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि मग येतच राहिलं, त्यामुळे इथलं पोर चालायला लागायच्या आधी ओला आणि सुका कचरा वेगळा करायला शिकतं. तिने ह्रस्व ओल्यात टाकले, दीर्घ सुक्यात. गरीब, वकील, फूल, सून हे सगळे सुक्यात. छान चाललं होतं. मग प्रत्यय लागले. गरीब सुक्यातला, पण गरिबाला म्हटलं की ओल्यात. वकील सुक्यातला, वकिलाकडे गेलो की ओल्यात. "बाबा, असं डबे बदलून राहिलो तर गाडीवाला कचराच घेणार नाही," ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मराठी बोलताना ह्रस्व-दीर्घ आपण ऐकू येईल असं उच्चारतच नाही, मग कानाने ओळखायचं कसं? कानाला काम नाही आणि हाताला शिक्षा, असा हा विषय आहे.

आईला यात अन्याय दिसत नाही. तिने याहून मोठं सोसलंय. तिचं माहेर जळगावचं. शाळेत 'नाहीं', 'कां', 'पांच' असं टिंब देऊन लिहायचं, टिंब विसरलं की छडी. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने मान्य केले, त्यात न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आई तेव्हा मुक्ताएवढी होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्याच गुरुजींनी त्याच छडीने टिंब दिल्याबद्दल मारायला सुरुवात केली. १९७२ मध्ये आणखी चार नियम येऊन अठरा झाले. "म्हणून सांगते," आई म्हणते, "शुद्धलेखन थांबत नसतं. सरकार थांबू देत नाही." ती अजूनही सकाळचं वर्तमानपत्र लाल पेन घेऊन वाचते. बातमी काय होती ते विचारलं तर आठवत नाही, 'आर्शिवाद' कुठल्या पानावर छापलं होतं ते आठवतं.

इंग्रजीचा तास त्याहून अवघड, कारण तिथे नियमही नाहीत, नुसता इतिहास आहे. कर्जाच्या इंग्रजी शब्दात 'बी' का येतो, यावर मुक्ता म्हणाली, "हा बी तिथे काय करून राहिला आहे?" खरं म्हणजे तो आधी नव्हताच. लॅटिन मूळ दिसावं म्हणून पंडितांनी मागाहून घुसवला. बेटाच्या शब्दातला 'एस' तर सरळ गैरसमजाने आला. लॅटिन शब्दाशी नातं आहे असं समजून घातला, नातं काही नव्हतं, 'एस' मात्र राहिला. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला तेव्हा इंग्रजीचे उच्चार बदलायचे होते ते अजून पुरते बदलले नव्हते. छापील अक्षरं जागेवर राहिली आणि उच्चार पुढे निघून गेले. हे सगळं मी रंगून सांगितलं. मुक्ता म्हणाली, "म्हणजे चूक त्यांची आणि दहा वेळा लिहायचं मी?" बँकेत अशा तक्रारीला आम्ही 'वरच्या कार्यालयाकडे पाठवतो' म्हणतो.

थांबायचं कधी, यावर घरात मतं मागवली. मेधाने तक्ता केला: शुक्रवारच्या डिक्टेशनचे गुण सलग पूर्ण आले की तास बंद. इंजिनिअरला शोभेल असं मत. गुण आलेही. 'नेसेसरी' शुक्रवारी बिनचूक, एक सी, दोन एस. रविवारी तिने पुण्याच्या आत्याला पत्र लिहिलं, त्यात दोन सी, एक एस. अक्षरांचा एकूण साठा तेवढाच, नुसती बदली झालेली. यादीतले शब्द यादीपुरते पाठ होतात हे मला तिथे कळलं आणि मेधाचा तक्ता फ्रिजवरून उतरला. आत्याने पत्राचं कौतुक केलं, मग फोनवर म्हणाली, "लग्नापर्यंत चालू ठेव. पत्रिका तरी नीट छापेल."

माझा एक चुलतभाऊ अमेरिकेत आहे. त्याला हा प्रश्नच कळला नाही. थांबायचं कशाला? त्यांच्याकडे १९२५ पासून राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा चालते आणि गेली कित्येक वर्षं आपलीच पोरं ती जिंकत असतात. २०१९ मध्ये तर एका वेळी आठ मुलं विजेती ठरली, त्यातली सात भारतीय वंशाची. त्यांना अडवतील असे शब्दच आयोजकांकडे उरले नव्हते. भावाने हे अभिमानाने सांगितलं. मला त्या आयोजकांचा हेवा वाटला. थांबण्याचं इतकं स्वच्छ कारण कुणाच्या नशिबी येतं?

आमचं कारण एका मेनूकार्डावर आलं. छप्पन दुकानाच्या बाजूला एका हॉटेलात गेलो होतो. गोडाच्या पानावर मोठ्या अक्षरांत इंग्रजी मथळा होता. त्या शब्दात दोन एस लागतात, एकावर भागवलं की वाळवंट होतं. इथे भागवलं होतं. वाळवंट, आणि त्याखाली गुलाबजाम, रबडी, मालपुआ. मुक्ता इतकी हसली की शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली. मग तिने कार्डाची पुढची-मागची बाजू धुऊन काढली आणि वेटरकडे पेन मागितलं. मेधाने ते मिळू दिलं नाही. रबडी चांगली होती, हे इथे नमूद केलं पाहिजे.

पण दुसऱ्याची चूक दिसणं हा काही निकष नव्हे. ती तर कुणालाही दिसते, माझ्या आईला तर मजकुराच्या आधी दिसते. मी पाहिलं ते त्या रात्री. मुक्ता तिच्या डायरीत काहीतरी लिहीत होती. एक शब्द लिहिला, मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं, नाक मुरडलं, उठली, कपाटातून डिक्शनरी काढली, पान शोधलं, परत आली, शब्द खोडला. कुणाला काही विचारलं नाही, सांगितलं नाही. स्वतःच्याच शब्दाचा वास तिला आला होता. यापुढे मी दर शुक्रवारी यादी वाचून दाखवणं म्हणजे फक्त माझी करमणूक.

इंग्रजीचं डिक्टेशन त्या आठवड्यात बंद केलं. डायरीत जे चुकेल ते मागच्या पानावर टिपून ठेवायचं, एवढंच शिल्लक. मराठीला मात्र आईची सही लागणार होती. तिने शेवटची परीक्षा घेतली: 'वडिलांच्या आशीर्वादाने उज्ज्वल यश मिळवलेल्या गरीब विद्यार्थिनीचे हार्दिक अभिनंदन.' असलं वाक्य माणूस आयुष्यात एकदाच ऐकतो, आणि तेही सत्कार समारंभात. मुक्ताने सगळं बरोबर लिहिलं. वही देताना तिने आजीपुढे किराण्याची यादीही ठेवली. आजीच्या हस्ताक्षरात: 'गहूं पांच किलो'.

"ते चूक नाही," आई म्हणाली, "जुनं आहे."

"मग माझंही थोडं नवं असू दे ना," मुक्ता म्हणाली. आईने सही केली, लाल पेनानेच.

आता हात मोकळा झाल्यावर मुक्ता नातेवाइकांच्या ग्रुपवर बसली. रतलामच्या काकांनी कुणाला तरी 'वाढदिवसाच्या हार्दीक शूभेच्छा' पाठवल्या होत्या. तिने खाली दोन दुरुस्त्या नम्रपणे कळवल्या आणि काका ग्रुप सोडून गेले. तीन घरांतून फोन आले. मेधाने समजूत घालून त्यांना परत आणलं. हल्ली काका प्रत्येक शुभेच्छा आधी मुक्ताला वेगळी पाठवतात, ती तपासून परत करते, मग ती ग्रुपवर येते. तिने दर महिन्याला एक प्लेट भुट्ट्याचा कीस अशी फी ठरवली आहे, रात्रीच्या सराफा बाजारातलाच हवा म्हणते. काकांनी घासाघीस करून दोन महिन्यांना एक प्लेट मागितली. मुक्ताने उलट टपाली कळवलं की 'घासाघीस'मधली घी दीर्घ असते, आणि दर तोच राहील.