मीठ कोणतं घालू?

बीपीचा पट्टा सोडवत डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी करा." घरी येईपर्यंत त्याचं "मीठ बदला" झालं होतं. कमी करायला मनोनिग्रह लागतो. बदलायला नाशकातल्या रविवार कारंजापर्यंत जाऊन आलं की भागतं.

पूर्वी दुकानदार फार तर "जाडं की बारीक?" विचारायचा आणि जाडं मीठ दुकानाबाहेर पोत्यात पडलेलं असायचं. आता मीठ काजू-बदामांच्या रांगेत बसतं. गुलाबी, काळं, लो सोडियम. मी गुलाबी उचललं. महाग होतं, म्हणजे औषधी असणारच.

घरी भाचा बसला होता. केटीएचएम कॉलेजात बीएस्सी करतोय, त्यामुळे त्याला गप्प बसवत नाही. हिमालयाच्या नावानं विकलं जाणारं बरंचसं गुलाबी मीठ पाकिस्तानातल्या खेवडाच्या खाणीतलं, रंग लोहाचा, आणि बाकी जवळजवळ सगळं आपलं नेहमीचं सोडियम क्लोराईड! "यातून लोह मिळवायचं तर मामा, वाटीनं खावं लागेल." बायकोनं पुडा उलटसुलट करून विचारलं, "अहो, यात आयोडीन कुठं लिहिलंय?" कुठंच नव्हतं. गलगंड होऊ नये म्हणून सरकारनं 2006 पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी घातली, आणि मी चौपट पैसे देऊन आयोडीन घराबाहेर काढत होतो. पुडा दृष्ट काढायला ठेवला. एवढी महागडी दृष्ट पंचवटीत कुणाची निघत नसेल.

मग लो सोडियम आणलं. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घालतात. बीपीला बरं, पण मूत्रपिंडं अधू असली किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असल्या, तर रक्तात पोटॅशियम साठून भलतंच होऊ शकतं. डॉक्टरांना फोन केला. माझी गोळी नेमकी त्याच गोत्रातली निघाली. "अहो, मी कमी करा म्हटलं होतं," डॉक्टर म्हणाले. आवाजात मिठाचा कणही नव्हता.

शेवटी बायकोनं सूत्रं हाती घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा चमचाभरसुद्धा नाही. सकाळीच ती घरातल्या माणसांपुरतं साधं आयोडीनवालं मीठ वाटीत काढून ठेवते. कणीक, भाजी, वरण, सगळं त्यातच. वाटी बघून मला दुष्काळी कामावरचं रेशन आठवतं.

लोणचं, चिवडा आणि मिसळीबरोबरचा पापड मात्र वाटीच्या हद्दीबाहेर, असं माझं म्हणणं. आईनं लगेच दुजोरा दिला, "पापडात कसलं आलंय मीठ? त्यात पापडखार असतो."

"आजी, मीठही असतं. आणि पापडखारातही सोडियमच असतं," भाचा म्हणाला.

आईनं त्याच्या ताटातला पापड उचलला आणि माझ्या ताटात ठेवला.