लोड लावला की यांना सोवळं आठवतं

आज पुन्हा तेच. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली गाडी अडकलेली. पुढे उंचीचा अंदाज चुकलेला एक टेम्पो, मागे हॉर्नवर बसलेली बस, खाली कालच्या पावसाचं काळं पाणी. गाडीत मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या 'लोड' या अल्बममधलं 'ब्लीडिंग मी' चालू होतं. सव्वाआठ मिनिटांचं गाणं आहे ते. आधी बराच वेळ नुसतं धुमसतं, पाच मिनिटं उलटली की कुठे उकळी फुटते. ती फुटणार एवढ्यात मागच्या सीटवरून एक केसाळ हात मधल्या फटीतून पुढे आला आणि बटण दाबून त्याने गाणं उडवलं.

"मॅडम, सकाळी सकाळी हे नको. खरी मेटॅलिका लावू या."

आणि लावलं काय? 'बॅटरी'. जिची सुरुवातच मुळी अकूस्टिक गिटारने होते, तीही चांगली अर्धं मिनिट, एखाद्या लग्नाच्या व्हिडिओला शोभेल इतकी गोड. पण नाही, ते चालतं. ते १९८६ चं आहे ना. १९८६ सालचं गोड ते कडक आणि १९९६ सालचं कडक ते गुळमुळीत. हा हिशोब मला गेली दोन वर्षं, आठवड्यातून पाच दिवस, कळवा नाका ते महापे ऐकावा लागतोय.

आम्ही चौघं एका गाडीतून जातो. गाडी ज्यांची आहे ते काका पन्नाशीचे, मनाने चांगले, त्यांना मेटॅलिकाची तीनच गाणी माहीत आहेत आणि त्यातलं एक 'नथिंग एल्स मॅटर्स' आहे. मागे एक पंचविशीचा पोरगा. आणि त्याच्या शेजारी हा दाढीवाला. वय अडतीस, काळे टी-शर्ट अकरा, मतं अगणित. पेट्रोलचे पैसे चौघांत सारखे वाटून होतात. गाणी मात्र एकट्याच्या कायद्याने लागतात.

कायदा असा: मेटॅलिकाचे अल्बम चार. १९८३ चा 'किल एम ऑल', १९८४ चा 'राइड द लाइटनिंग', १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि १९८८ चा 'अँड जस्टिस फॉर ऑल'. १९९१ चा ब्लॅक अल्बम म्हणजे पाय घसरला. त्यापुढे बँड वारला, सुतक संपलं, आता फक्त वर्षश्राद्ध. जगभरात तीन कोटींवर प्रती गेलेला अल्बम यांच्या लेखी पाय घसरण्याचा पुरावा, कारण काकांसारख्यांनाही तो आवडतो! म्हणजे गाणं बिघडलं ते ऐकणारे वाढले म्हणून. देवळात गर्दी झाली की देव बाटतो, तसं काहीतरी.

एक गोष्ट सांगते. मास्टर ऑफ पपेट्स आला तेव्हा हा मनुष्य जन्मालाही आला नव्हता. आणि १९९६ च्या जून महिन्यात 'लोड' आला तेव्हा मी नुकतीच अकरावीला गेले होते आणि हा चौथीत, शाळेच्या स्वेटरला नाक पुसत असणार. मी ती कॅसेट स्वतःच्या पैशाने घेतली. सव्वाशे रुपये. दोन महिने बसचे पैसे वाचवून, नौपाड्यातून स्टेशनपर्यंत चालत जाऊन. माझी मेटॅलिका तिथे सुरू होते. कुणी सांगितलं नव्हतं की ही बाई चुकीच्या दारातून आत शिरलीये. चौदा गाणी, जवळजवळ एकोणऐंशी मिनिटं. एवढ्या मोठ्या अल्बममुळे वॉकमनचे सेल एका दिवसात मान टाकायचे.

त्या कॅसेटच्या पोटात, टेपच्या मागे, पातळ तांब्याच्या पट्टीवर फेल्टचा एक इवलासा तुकडा असतो. टेप हेडला दाबून धरायचं त्याचं काम. माझ्या कॅसेटचा तो तुकडा पहिल्याच पावसाळ्यात निघून पडला आणि आवाज असा झाला की बँडचा गायक जेम्स हेटफिल्ड गोधडीत तोंड घालून गातोय. भावाने जुन्या माकडटोपीचा बारीक चौकोन कापला, चिमट्याने धरून फेव्हिकॉलने चिकटवला. आवाज परत आला, पण दुसऱ्या बाजूच्या शेवटी थोडा दबलेलाच. म्हणजे नेमका 'द आउटलॉ टॉर्न'वर. ते गाणं मी कितीतरी वर्षं माकडटोपीतून ऐकलंय. पुढे सीडीवर स्वच्छ ऐकलं तेव्हा कळलं की त्यात बँडच्या जेसन न्यूस्टेडचा बेस कसा पोटातून चालतो. आणि मग हेही कळलं की ते गाणं सीडीत मावत नव्हतं म्हणून शेवटून कापलेलं होतं, कापूनही नऊ मिनिटं बावन्न सेकंद. मूळ लांबीचं नंतर वेगळं आलं. ज्या बँडला बाजारूपणाचाच सोस होता, त्याने दहा मिनिटांचं संथ गाणं अल्बमच्या टोकाला कशासाठी ठेवलं असेल हो? रेडिओवर वाजावं म्हणून?

(कव्हरबद्दल जाता जाता. लाल-पिवळं ज्वालेसारखं काहीतरी आहे. आईला ते दिव्याच्या ज्योतीसारखं वाटायचं, म्हणून तिने ती कॅसेट देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवू दिली. ते आंद्रेस सेरानो या फोटोग्राफरने पारदर्शक पत्र्यांमध्ये दाबलेलं गुरांचं रक्त आणि स्वतःचं वीर्य आहे, हे मला कळलं तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं. आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.)

बरं, माझं म्हणणं असंही नाही की सगळंच सोनं आहे. १९९७ च्या 'रीलोड'मधली निम्मी गाणी उरलेल्या कणकेचे पोळे आहेत. २००३ च्या 'सेंट अँगर'मध्ये ड्रमर लार्सने स्नेअर ड्रमची खालची तार सैल सोडलीये आणि पंचाहत्तर मिनिटं कुणीतरी रिकाम्या तेलाच्या डब्यावर उलथनं मारतंय असं वाटतं. गिटार सोलो एकही नाही. गायक लू रीडबरोबरचा २०११ चा 'लुलू' मी दोनदा लावला, दोन्ही वेळा उठून कुकर लावायला गेले. २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' गाणी म्हणून चांगला, पण आवाज इतका चढवून ठेवलाय की कान फाटतात. लोकांना व्हिडिओ गेममधली त्याची प्रत जास्त स्वच्छ वाटली, यातच काय ते आलं. हे सगळं मी ऐकून म्हणते. अख्खं. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत.

आणि इथेच माझं डोकं फिरतं. कारण आज मी त्याला सरळ विचारलं. "'आउटलॉ टॉर्न' ऐकलंयस का तू?"

"मॅडम, लोड आहे ना तो?"

"हो, पण ऐकलंयस का?"

"ऐकायची गरज काय? केस कापले तेव्हाच कळलं."

केस! म्हणजे दोन वर्षं हा माणूस केशकर्तनावर भांडतोय! चार पुरुषांनी केस कापले आणि फोटोसाठी डोळ्यांत काजळ घातलं, एवढ्यावर एकोणऐंशी मिनिटांचं संगीत बाद. आपल्याकडे देव, संत, कीर्तनकार, नाटकातले राजे, सगळे काजळ घालून झाले, पण हा कॅलिफोर्नियाचा बँड काजळ घालून बाटला!

यांची दुसरी लाडकी ओळ: "क्लिफ असता तर हे झालं नसतं." क्लिफ बर्टन, म्हणजे जेसनच्या आधीचा बेसवाला, २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बस उलटून गेला. चोवीस वर्षांचा होता. त्याच्याबद्दल वाईट वाटतंच, त्याचा 'ओरायन'मधला बेस ऐकला की आजही हातातलं काम थांबतं. पण गेलेल्या माणसाच्या तोंडी आपली मतं घालायची सोय फार भारी, तो उठून नाही म्हणत नाही. क्लिफ स्वतः काय ऐकायचा? बाख. मिसफिट्सचा पंक. आणि लिनर्ड स्किनर्डचा सदर्न रॉक, अमेरिकेच्या दक्षिणेतला. लोडमध्ये जो सदर्न रॉकचा वास येतो म्हणून यांना मळमळतं, तो क्लिफच्या घरचा वास आहे. कदाचित तो असता तर लोड चार वर्षं आधी आला असता. मलाही माहीत नाही, पण मी निदान छातीठोकपणे सांगत तरी नाही.

आणि हा "विकले गेले"चा गजर १९९१ ला सुरू झाला असं त्याला वाटतं. अरे बाबा, १९८४ पासून चालू आहे तो. दुसऱ्याच अल्बमवर 'फेड टू ब्लॅक' आलं, हळू, अकूस्टिक, उदास, आणि तेव्हाच्या सोवळ्यांनी तेव्हाच बोंब ठोकली की हे गेले हातातून. मग १९८९ ला 'वन'चा व्हिडिओ केला, कारण तोवर व्हिडिओ न करणं ही शान होती, तर पुन्हा बोंब. आज तीच दोन गाणी याच्या फोनमध्ये "खरी मेटॅलिका" नावाच्या यादीत आहेत. आजची बाटगी गाणी वीस वर्षांनी यांच्याच देव्हाऱ्यात. 'जस्टिस'मध्ये तर नव्याने आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बेस मिक्सिंगमध्ये असा दाबलाय की शोधावा लागतो. त्यावर मात्र साहेब म्हणतात, "तोच त्याचा कॅरेक्टर आहे." माझ्या माकडटोपीचाही कॅरेक्टरच होता मग.

हे मी घरातही पाहिलंय. बाबा दरवर्षी गडकरी रंगायतनला राम मराठे महोत्सवाला जायचे आणि मध्यंतरात बटाटेवडा खात मित्रांबरोबर हेच करायचे. कुमार गंधर्वांनी घराणं सोडलं, किशोरीताईंनी जयपूरची शिस्त मोडली, आता ते राहिलं नाही. फरक एवढाच की बाबांनी ते सगळं तासन् तास ऐकलेलं असायचं. वाद घालायचा तर निदान तानेचं नाव घेऊन घालायचे. आणि क्षयाने एक फुप्फुस निकामी झालेल्या माणसाने छोट्या छोट्या तानांतून नवीन गाणं उभं केलं, हे बाबाच नंतर डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. माणूस बदलतो म्हणून गाणं बदलतं.

जेम्सची आई तो सोळा वर्षांचा असताना कॅन्सरने गेली. घरी औषध न घेण्याचा पंथ होता. 'लोड'मधलं 'अंटिल इट स्लीप्स' त्यावरचं आहे आणि 'मामा सेड'ही आईचंच. १९८३ च्या अल्बममध्ये हे येऊच शकलं नसतं, तेव्हा ती पोरं वीस वर्षांची होती, त्यांना मान हलवायची होती. २०१४ मध्ये आईच्या केमोच्या फेऱ्या चालू असताना परळहून ठाण्याला परत येताना मी काय 'सीक अँड डिस्ट्रॉय' ऐकणार होते? असो. हे मी गाडीत बोललेले नाही. बोलणारही नाही.

सगळ्यात जास्त राग मला स्वतःसाठी येत नाही. मागे तो पंचविशीचा पोरगा बसतो ना, तो २०२२ मध्ये एका वेबसीरिजमधून 'मास्टर ऑफ पपेट्स'पर्यंत पोचला. तेव्हा जगभरची पोरं तशीच पोचली आणि बँडने स्वतः त्यांचं स्वागत केलं. हा पोरगा पहिल्या आठवड्यात किती उत्साहाने विचारायचा, "मॅम, याच्यानंतर कुठला ऐकू?" दाढीवाल्याने त्याची तोंडी परीक्षा घेतली. क्लिफच्या आधी बेस कोण वाजवायचं? डेव्ह मस्टेनला कधी काढलं? पोराला येईना. "सीरियल बघून आलेत," एवढं म्हणून हा हसला. आता तो पोरगा गाडीत बसला की कानात स्वतःचे इअरफोन घालतो आणि दिघ्याच्या बाजूला बघत बसतो. परवा त्याच्या स्क्रीनवर दिसलं, '७२ सीझन्स' ऐकत होता. २०२३ चा. साठीच्या माणसांनी केलेला अल्बम. मी बघितलंय म्हटल्यावर त्याने फोन उलटा केला. चोरून तंबाखू खाताना पकडल्यासारखा. संगीत ऐकताना!

आणि हुकमाचा एक्का तर राहिलाच. "जेम्स स्वतःच म्हणालाय की लोडच्या काळात त्याचं मन नव्हतं." म्हणाला असेल. माणसं आपल्या लग्नाबद्दलही असं म्हणतात, म्हणून मुलं परत करतात का? त्याला ते आवडेनासं झालं म्हणून मी माझी कॅसेट रद्दीत देऊ? सव्वाशे रुपये माझे गेलेत.

काका आज मध्ये पडले. "अहो, किशोर कुमार लावू का?" म्हणाले. बिचारे.

तर आता ठरलंय. उद्या शुक्रवार, ब्लूटूथची पाळी माझी. कळवा नाक्यापासून 'सेंट अँगर' लावणार आहे. डबा, उलथनं, सगळं. पहिल्या सेकंदापासून. पावसाचा अंदाज आहेच, विटाव्याला पाणी भरणारच, पंचाहत्तर मिनिटं आरामात बसतील. फोन माझ्या पर्समध्ये राहील आणि पर्स माझ्या मांडीवर. कुणाचा हात मधल्या फटीतून पुढे आला तर काकांना सांगून दार उघडून देईन. तिथून ऐरोली काही फार लांब नाही, केस मोकळे सोडून चालत जावं.